गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन सव्वादोन वर्षं झाली, आता जिभेवर जखम आणि मानेत गाठ: जुनाच परतला की नवा?

दंतचिकित्सक, केज (जि. बीड)

पुरुष, वय ५२, शेती. तंबाखू-चुना २५ वर्षं. सव्वादोन वर्षांपूर्वी डाव्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं: गालाचा भाग, खालच्या जबड्याची वरची कड आणि डाव्या मानेतल्या गाठी काढल्या, छातीचा स्नायू फिरवून गालात बसवला. डिस्चार्ज कार्डावर कॅन्सरची गाठ ३.२ सेंमी, खोली ८ मिमी, कापलेल्या कडेपर्यंतचं सर्वांत कमी अंतर ६ मिमी, मानेतल्या २८ पैकी १ गाठ बाधित, गाठीचं आवरण फुटलेलं नाही. नंतर लाईट (किरणोपचार) दिली, ६० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक), ३० बैठका. केमो नाही.

आता उजव्या बाजूला जिभेच्या कडेवर साधारण १.५ सेंमीची जखम आहे. पाच आठवडे झाले, बूड कडक लागतं. समोरच उजवी खालची दाढ टोकदार आहे आणि जिभेला घासते. उजव्या मानेत, जबड्याच्या कोनाखाली एक घट्ट, हलणारी गाठ आहे, सव्वा सेंमीच्या आसपास. तोंड २२ मिमी उघडतं. छातीच्या एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात धूसर सावली आहे. डावीकडची खालची एक उपदाढ हलते. रुग्ण म्हणतो, आधी ती काढा.

घरचे म्हणतात, "परतला म्हणजे संपलं, आता कशाला फिरवायचं?" पुतण्या थेट पेट स्कॅन करून आणायला निघाला आहे. मला क्रम हवा आहे: आधी काय, नंतर काय. तपासणीसाठी जखमेचा तुकडा (बायोप्सी) मी इथे घ्यावा का? दाढेचं काय करावं?

मुख व मान शल्यचिकित्सक, लातूर

डॉक्टर, सगळ्यात आधी ती डावी उपदाढ. तिला हात लावू नका. ६० ग्रे घेतलेल्या खालच्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. दात काढल्यावर खड्डा भरला नाही तर हाड उघडं पडतं, सडतं, पू येतो आणि कधीकधी जबड्याचा भाग कापावा लागतो. हा धोका दोन-चार महिन्यांत सरत नाही, वर्षानुवर्षं राहतो. हलतोय तर शेजारच्या दाताला बांधून ठेवा. दुखत असेल तर मुळाची ट्रीटमेंट करा. काढायचाच झाला तर त्या जागी नेमके किती ग्रे गेले ते रेडिएशनवाल्यांकडून कळल्यावरच.

उजव्या दाढेचं टोक आजच घासून गुळगुळीत करा. एरवी टोकदार दात बोथट करून दोन आठवडे वाट पाहायची असते. इथे पाच आठवडे उलटलेत, बूड कडक आहे आणि इतिहास हा असा आहे. आता वाट पाहायची नाही. दाढ घासून रुग्णाला "पंधरा दिवसांनी या" म्हणून घरी धाडलं की पंधराचे पंचेचाळीस होतात, कापूस वेचणीचे दिवस असतील तर हमखास.

आता मूळ प्रश्न. जुना परतला की नवा, हे ठरवण्याचे निकष वॉरन आणि गेट्स यांनी १९३२ साली मांडले आणि आजही तेच वापरतात: दोन्ही गाठी कॅन्सरच्या असाव्यात, दोन्हींच्या मध्ये निरोगी अस्तर असावं, आणि दुसरी ही पहिलीची पसरलेली शाखा नाही हे पाहिलेलं असावं. व्यवहारात मधलं अंतर २ सेंमीपेक्षा जास्त धरतात. तुमच्या रुग्णाची जुनी जागा डावा गाल, नवी जागा उजवी जीभ, मधे तोंडाचा मजला आणि जिभेची दुसरी बाजू. ती निरोगी असेल तर हा माझ्या मते दुसरा, स्वतंत्र कॅन्सर आहे. पंचवीस वर्षं तंबाखूचा रस सगळ्या तोंडात फिरला. कॅन्सर एका जागी दिसला तरी बाकीचं अस्तरही त्याच वाटेवर असतं. म्हणूनच ऑपरेशन उत्तम होऊनही दुसरीकडे नवा उगवतो. जुना परततो तो बहुधा टाक्यांच्या रेषेवर, बसवलेल्या स्नायूच्या कडेला किंवा त्याच बाजूच्या मानेत.

घरच्यांना हा फरक समजावून सांगा, कारण उपचार त्यावर फिरतात. लाईट दिलेल्या जागी परतलेला कॅन्सर कापायला अवघड आणि तिथे दुसऱ्यांदा लाईट देणं जोखमीचं. नवा कॅन्सर मात्र पहिल्या पायरीपासून मोजला जातो. २ सेंमीच्या आत आणि खोली ५ मिमीच्या आत असेल तर जिभेपुरता तो पहिल्या टप्प्यातला. मानेतली गाठ बाधित निघाली तर टप्पा वाढेल, तरीही उजव्या मानेला अजून चाकू लागलेला नाही, आणि लाईट फक्त डावीकडे दिली असेल तर ती कोरीच आहे. बरं करण्याच्या हेतूनेच त्याच्याकडे पाहायचं. "संपलं" हा शब्द इथे चुकीचा आहे.

तपासताना फक्त जखम बघून थांबू नका. हातमोजा घालून जुन्या स्नायूची पूर्ण कड, तोंडाचा मजला, दाढेमागचा कोपरा, टाळू हे सगळं बोटाने चाचपा. नवा एक सापडला तर तिसराही असू शकतो. तोंड २२ मिमीच उघडतं, त्यामुळे घसा आणि स्वरयंत्र नाकातून दुर्बीण घालून बघावं लागेल. ते काम इकडे होईल.

तुकडा तुम्ही घेऊ शकता, पण एका अटीवर: आधी एमआरआय. तुकडा घेतल्यावर सूज येते आणि एमआरआयत खोली खरीपेक्षा जास्त दिसते. २ मिमीने टप्पा बदलतो आणि त्याबरोबर ऑपरेशनही. एमआरआय तीन-चार दिवसांत होणार असेल तर थांबा. तारीख लांबची मिळत असेल तर तुकडा आधी घ्या; निदान अडवून ठेवणं जास्त महागात पडतं.

घेताना २ टक्के लिग्नोकेन-ॲड्रिनलिन जखमेत टोचू नका, बाजूने टोचा. आत टोचलं की पेशी फुगतात आणि पॅथॉलॉजिस्टला वाचता येत नाही. मधला पांढरा, सडका भाग टाळा, त्यात नुसता मेलेला ऊतक येतो. कडेवरून, अर्धा कडक भाग आणि अर्धा बरा दिसणारा, असा ५ मिमीचा पंच किंवा पाचर घ्या, ४-५ मिमी खोल. नुसती वरची साल घेतली तर "डिसप्लेसिया" (कॅन्सरआधीचा बिघाड) असा रिपोर्ट येतो आणि पुन्हा सगळं करावं लागतं. एक टाका पुरतो. आणि कृपा करून संपूर्ण जखम काढून टाकू नका. लहान दिसते म्हणून कुणीतरी अख्खी काढतो, मग आम्हाला मूळ कड कुठे होती तेच सापडत नाही आणि जीभ गरजेपेक्षा जास्त कापावी लागते. तुकडा घेण्याआधी पट्टी शेजारी धरून फोटो काढा.

पॅथॉलॉजिस्ट, छत्रपती संभाजीनगर

वरच्या सल्ल्याशी सहमत. माझं म्हणणं तुकडा बाटलीत पडल्यानंतरचं.

१० टक्के बफर्ड फॉर्मॅलिन, तुकड्याच्या दहापट. ५ मिमीच्या तुकड्याला १० मिली भरपूर झालं. तालुक्याहून पुष्कळदा तुकडे सलाइनमध्ये येतात, कारण दवाखान्यात हाताशी तेच असतं. उन्हाळ्यात एका रात्रीत ते कुजतात आणि रिपोर्ट "निदानास अपुरा" असा जातो. उलट बाजूही सांगते. छातीतल्या सावलीमुळे इथे क्षयाची शंका आहे, तर दुसरा छोटा तुकडा वेगळ्या निर्जंतुक डबीत फक्त सलाइनमध्ये घ्या आणि त्याच दिवशी सीबीनॅटला (क्षयाचे जंतू शोधणारी तपासणी) पाठवा. फॉर्मॅलिनमध्ये पडलेल्या तुकड्यातून जंतू वाढवता येत नाहीत. जिभेवर क्षयाची जखमही होते आणि ती दिसायला अगदी अशीच असते. दोन डब्या, दोन्हींच्या अंगावर नाव, बाजू, तारीख. झाकणावर लिहू नका, झाकणं अदलाबदल होतात.

मागणीपत्रावर "जिभेची जखम, बायोप्सी" एवढंच लिहून पाठवू नका. जुनं निदान, ऑपरेशनची तारीख, लाईट किती आणि कुठे, सगळं लिहा. लाईट घेतलेल्या अस्तरात पेशी वेड्यावाकड्या दिसतात. माहिती नसेल तर वाचणारा जास्त किंवा कमी सांगून बसतो.

मानेच्या गाठीतून सोनोग्राफी बघत सुईने पाणी काढावं, २३ नंबरची सुई. गाठ पूर्ण काढून तपासायला पाठवू नका. बाधित असेल तर मानेच्या पुढच्या ऑपरेशनची पातळीच बिघडते. सुईत कॅन्सरच्या पेशी नाहीत पण ग्रॅन्युलोमा (क्षयात दिसतो तसा पेशींचा पुंजका) दिसला, तर तेवढ्यावर "क्षय" म्हणून थांबायचं नाही. कॅन्सरच्या शेजारच्या गाठीतही ग्रॅन्युलोमा होतात, आणि आपल्या भागात एकाच माणसाला दोन्ही असणं काही नवल नाही. सुईतलं उरलेलं सीबीनॅटला द्या. नुसतं पातळ पाणी आलं आणि पेशी नाहीत, तर सोनोग्राफीत गाठीची जाड भिंत दिसेल, तिथून पुन्हा घ्या. पोकळ झालेली गाठ कॅन्सरचीही असते.

आता जुने ब्लॉक. पहिलं ऑपरेशन जिथे झालं तिथून मेणाचे ब्लॉक (मेणात बसवलेलं जुन्या गाठीचं ऊतक) आणि सूक्ष्मदर्शकाच्या काचा मागवा. लेखी अर्ज दिला की मिळतात. जुना आणि नवा शेजारी ठेवून बघणं, हा या निदानातला सर्वांत स्वस्त आणि बरंच काही सांगणारा भाग आहे. नव्या तुकड्यात वरच्या अस्तरापासूनच बिघाड सुरू होऊन खाली उतरताना दिसला तर तो तिथेच जन्मला. वरचं अस्तर चांगलं आणि गाठ खालूनच वर आली असेल तर पसरून आल्याची शंका धरावी. दोन्ही स्क्वॅमस (अस्तराच्या चपट्या पेशींचा कॅन्सर) असतील आणि चेहरा सारखा असेल तर सूक्ष्मदर्शकातून नक्की सांगता येत नाही, तिथे जागा आणि अंतर यावरच निर्णय होतो. ते प्रामाणिकपणे रिपोर्टात लिहावं लागतं.

ब्लॉक आणताना: मेण ५६ ते ६० अंशांना वितळतं. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला ब्लॉक मऊ पडतो, ऊतक सरकतं, आणि ते परत मिळत नाही. प्रत्येक ब्लॉक वेगळ्या कागदात, प्लास्टिकच्या डब्यात, सावलीत, अंगाजवळच्या पिशवीत. काचा सुट्या कागदात गुंडाळू नका, खाचांची डबी घ्या.

दंतचिकित्सक, केज

ताई, सर, आभार. दाढेचं टोक घासलं, डावी उपदाढ बांधली. एमआरआयची तारीख बारा दिवसांनंतरची मिळते आहे, सीटी उद्या होईल. थुंकीचं सीबीनॅट निगेटिव्ह आलं. रुग्णाचा भाऊ म्हणतो, महिनाभर क्षयाच्या गोळ्या देऊन बघू, सावली गेली तर प्रश्न मिटला. पुतण्या पेटवर अडून आहे. काय सांगू?

किरणोपचार व केमोथेरपी तज्ज्ञ, नांदेड

गोळ्या देऊन बघू नका. पहिले दोन महिने चार औषधं, त्यात रिफाम्पिसिन. ते बाकी औषधांचं गणित बिघडवतं, यकृतावर ताण येतो, आणि तोवर जीभ थांबत नाही. महिन्याने सावली कमी दिसली तरी ती साध्या जंतूंची होती की क्षयाची हे कळणार नाही. पुरावा नसताना क्षयाचे उपचार सुरू करण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि कॅन्सरच्या रुग्णात ती फार नुकसान करते.

बारा दिवस थांबू नका. उद्या सीटी कॉन्ट्रास्टसह करा, कवटीच्या तळापासून छातीपर्यंत एकाच बैठकीत. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघा. जिभेच्या खोलीसाठी एमआरआय सरस हे खरं, पण जबड्याचं हाड, मान आणि फुफ्फुस सीटीत चांगलं दिसतं. सीटी झाली की परवा तुकडा घ्या. एमआरआय ठरल्या तारखेला होऊ द्या. तोवर सूज बरीचशी उतरते.

पेटबद्दल शल्यचिकित्सकांचं मत कदाचित वेगळं असेल. नुसती लहान जीभ असती तर मीही नको म्हटलं असतं. इथे मानेत गाठ, फुफ्फुसात सावली आणि आधीचा कॅन्सर, असं तिहेरी आहे. त्यामुळे पेटला जागा आहे, पण तुकड्यानंतर आणि सीटी बघून. पेट साखरेची भूक दाखवतं, कॅन्सर दाखवत नाही. क्षयाची गाठ त्यात लखलखीत चमकते. ८ मिमीच्या आतलं फुफ्फुसातलं काही न चमकलं तर त्याला "नाही" म्हणता येत नाही. नुकती लाईट झाली असती तर बारा आठवडे थांबायला सांगितलं असतं, इथे तो प्रश्न नाही. पुतण्याला सांगा, पेट पहिल्याच दिवशी केलं आणि फुफ्फुसात चमकलं, तर कुणीतरी "पसरला" लिहून मोकळा होईल आणि बरा होणारा माणूस वेदनाशामकांवर घरी जाईल.

सीटीत सावली डागाळलेली, कडेला लहान ठिपके, खड्डा असेल तर श्वासनलिकेत दुर्बीण घालून धुवण घ्या, त्यातून सीबीनॅट आणि पेशी दोन्ही. एकच गोल, घट्ट गाठ १ सेंमीच्या वर असेल तर सीटी बघत सुईने तुकडा. ६-८ मिमीची एकच असेल तर जिभेचं ऑपरेशन तिच्यासाठी अडवू नका, आठ-दहा आठवड्यांनी पुन्हा सीटी करून वाढ मोजा. तुकड्यात स्क्वॅमस निघालं तर ते फुफ्फुसाचं स्वतःचं की तोंडाचं पसरलेलं हे ठरवणं कठीण. एकच गाठ असेल तर ती काढण्याचा विचार दोन्ही बाबतींत होऊ शकतो.

फुफ्फुस स्वच्छ निघालं तर ऑपरेशनच: जिभेचा भाग १ सेंमीहून अधिक मोकळ्या कडेसह, आणि उजव्या मानेतल्या गाठी. मानेत गाठ लागली नसती तरी मानेचं ऑपरेशन केलंच असतं. टाटा रुग्णालयाचा २०१५ सालचा अभ्यास सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल स्पष्ट आहे: मानेचं ऑपरेशन लगेच केलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत, गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत ६७.५ टक्के.

मग लाईट द्यायची की नाही हे रिपोर्टवर. द्यायची झाली तर ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावी. इथे मला जुन्या लाईटचा पूर्ण हिशेब लागेल. "६० ग्रे, ३०" एवढं पुरत नाही. कोणत्या मशीनवर, कोणत्या बाजूने, मानेची एकच बाजू की दोन्ही, मणक्यातल्या मज्जारज्जूला किती गेले, शेवटची तारीख. उजवी बाजू कोरी असेल तर पूर्ण मात्रा देता येते. मधल्या रेषेवर जुनं-नवं एकमेकांवर चढलं तर जबडा आणि मानेची मुख्य धमनी धोक्यात येते.

फुफ्फुसात पसरल्याचं सिद्ध झालं तरीही हात वर करायचे नाहीत. गोळ्यांचे उपचार आहेत आणि त्यांचा अभ्यास आपल्याच देशात झाला. २०२० साली छापलेल्या टाटाच्या अभ्यासात आठवड्याला १५ मिग्रॅ प्रति चौरस मीटर मेथोट्रेक्सेट आणि रोज दोनदा २०० मिग्रॅ सेलेकॉक्सिब घेणारे, दर तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले, मध्यक (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) ७.५ महिने विरुद्ध ६.१. फरक लहान आहे, पण सलाइन, दवाखान्याचे खाट-दिवस आणि प्रवास वाचतो. पुढे त्याच गटाने गोळ्यांच्या तिहेरी उपचाराला (या दोन आणि एर्लोटिनिब) निव्होलुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाची अगदी लहान मात्रा जोडली, तीन आठवड्यांतून एकदा २० मिग्रॅ. वर्षानंतर जिवंत असणारे १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले.

यात एक चूक जीव घेते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. दीड चौरस मीटर शरीराच्या माणसाला २२.५ मिग्रॅ, म्हणजे २.५ मिग्रॅच्या ९ गोळ्या, एकाच वारी. चिठ्ठीवर "९ गोळ्या" वाचून गावातल्या मेडिकलवाल्याने रोज सांगितलं तर चार-पाच दिवसांत तोंड सोलतं आणि पांढऱ्या पेशी तळाला जातात. चिठ्ठीवर वार लिहा: "फक्त सोमवारी". घरच्यांकडून वदवून घ्या.

मुख व मान शल्यचिकित्सक, लातूर

पेटबाबत नांदेडच्या सरांचं पटलं, तुकड्यानंतर असेल तर माझी हरकत नाही.

ऑपरेशनच्या बाजूने दोन गोष्टी राहिल्या. जुनी ऑपरेशन नोट मिळवा, डिस्चार्ज कार्ड नव्हे. त्यात मानेतली डावी मोठी नीला (डोक्यातलं रक्त खाली आणणारी) राखली की बांधली ते लिहिलेलं असतं. डावी बांधली असेल तर उजवी कोणत्याही परिस्थितीत राखावी लागते. दोन्ही गेल्या तर चेहरा सुजून डोळे मिटतात आणि मेंदूतला दाब वाढतो. ही एक ओळ आधी माहीत असली की टेबलावरचा निर्णय बदलतो.

दुसरं, थायरॉइड. मानेला लाईट दिलेल्यांत ते पुष्कळदा मंदावतं आणि वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी; ते मंदावलं की हा आकडा वाढतो) जास्त असताना ऑपरेशन केलं तर टाके भरत नाहीत, लाळ गळते. टीएसएच, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन, साखर आताच करा म्हणजे दुरुस्तीला दोन आठवडे मिळतील. ते दोन आठवडे खाण्यासाठीही वापरा: दर किलोमागे दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं. ५० किलोच्या माणसाला साधारण ६३ ते ७५ ग्रॅम. नुसत्या ज्वारीच्या पेजेवर ते होत नाही. घट्ट वरण, अंडी, दही, दुधात कालवलेलं शेंगदाण्याचं बारीक कूट, दिवसातून सहा वेळा. आणि तंबाखू आजपासून बंद. मशेरीही.

वैद्यकीय समाजसेवा विभाग, छत्रपती संभाजीनगर

कागदांचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राला (योजनेचा तिथला मदतनीस) भेटा: रेशनकार्ड, आधार, नवा बायोप्सी रिपोर्ट, सीटीचा रिपोर्ट आणि फिल्म. जुन्या ऑपरेशनवर योजनेतून खर्च झाला म्हणून आता मिळणार नाही असं कुणी सांगितलं तर मानू नका. नव्या उपचाराची नवी पूर्वमंजुरी घ्यायची असते. मंजुरी येण्याआधी पैसे भरून उपचार सुरू केले तर ते परत मिळवणं फार अवघड जातं, म्हणून भरती होतानाच सांगा. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत "राव" किंवा आडनावाचा फरक असेल तर आजच तहसीलमध्ये अर्ज द्या, बहुतेकांचे दिवस तिथेच जातात.

केजहून लातूर जवळ पडेल. लाईटची सोय आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयातही आहे. मुंबईला टाटाला जायचं ठरलं तर रेल्वेची सवलत रुग्णाला आणि एका सोबत्याला मिळते, त्यासाठी रुग्णालयाच्या डॉक्टरांच्या सहीचा ठराविक नमुना लागतो. निघण्याआधी घ्या. सगळ्या कागदांच्या झेरॉक्सचे दोन संच, मूळ प्रती वेगळ्या पिशवीत. सीटीच्या सीडीऐवजी फोनमधले फोटो चालत नाहीत, सीडीच न्या.

दंतचिकित्सक, केज

सीटी उद्या सकाळी साडेनऊला. परवा तुकडा घेतो, दोन डब्या लेबल लावून तयार ठेवल्या आहेत. जुन्या रुग्णालयाला ब्लॉक, ऑपरेशन नोट आणि लाईटच्या हिशेबासाठी अर्ज लिहून पुतण्याच्या हाती दिला. पेटऐवजी तो आता त्या कामाला निघाला आहे. ब्लॉक गाडीत ठेवायचे नाहीत हे त्याला दोनदा सांगितलं. सीटीचा रिपोर्ट आला की मापांसह इथे टाकतो.